एक पायरी

वेल्गा दारातच म्हणाली, "जिना नको."
आतून स्काइद्रीते : "तिला विचारलंय कुणी?
पण जिना नको, हे खरंच."
दोघी बहिणी, सत्तरी कधीच ओलांडलेल्या,
एकीचा डावा गुडघा गेलेला, दुसरीचा उजवा,
दोघींचे मिळून दोन पाय धड.

मी व्हेंट्सपिल्सहून बसने आलो होतो
काखेत कागदांची गुंडाळी घेऊन.
पहिल्याच आराखड्यात समुद्राकडे अख्खी काचेची भिंत.
तीन रात्री जागून काढली होती ती मी.
वेल्गानं चष्मा पुसला, वाकून पाहिलं, विचारलं,
"ही पुसायची कुणी?"

"समुद्र पाहिलाय आम्ही," स्काइद्रीते म्हणाली,
"चाळीस वर्षं त्याचे मासे साफ केले.
खिडकी रस्त्याकडे ठेव.
टपालाची गाडी दिसली पाहिजे,
आणि कोण कुणाकडे किती वेळ बसलं तेही."

मग गुंडाळी सोडली मी,
कॅलेंडरचं उलटं पान घेतलं, पेन्सिल घेतली.

वेल्गा खुर्ची ओढून बसली
आणि हातात नसलेले बटाटे सोलू लागली.
"इथून चुलीचं दार हाताला लागायला हवं. उठायचं नाही."
मी तिचा हात मोजला, खांद्यापासून बोटांपर्यंत.
स्काइद्रीते बुटांसकट पलंगावर आडवी.
अंथरूण पाहून पाय पसरण्यात जन्म गेला,
आता पाय पाहून अंथरूण, म्हणाली.
मी लिहिलं : एकशे अठ्ठावन्न, अधिक उशी, अधिक मांजर.

ओल्या बुटांना जागा.
अळंब्यांच्या टोपलीला खुंटी, पण उन्हाबाहेर.
काकडीच्या बरण्यांना उत्तरेची भिंत.
विटांची चूल मधोमध,
तिची पाठ दोघींच्या खोल्यांत निघेल अशी,
म्हणजे ऊब कुणाला जास्त गेली हे भांडण नको.

भांडण झालं ते मधल्या भिंतीवरून.
वेल्गा म्हणे, जाड घाल, ही घोरते.
मी जाड घातली. लोकरीचा थर, दुहेरी फळ्या.
स्काइद्रीते काही बोलली नाही, चहा ओतत राहिली,
माझा कप भरून बशीत सांडेपर्यंत.
मग वेल्गाच म्हणाली, खोडरबर पुढे सरकवत,
"पातळ कर.
घोरणं थांबलं तर कळायला नको?"

बेचाळीस चौरस मीटर.
दार ते अंगण सपाट, उंबरठासुद्धा नाही,
बर्फ घसरेल इतका छपराला उतार.
मी तळाशी सही केली, पेन्सिल कानामागे खोचली.
दोघी कागदाकडे पाहत बसल्या,
पाहुणा जेवून गेल्यावर ताटाकडे पाहावं तशा.

"एक पायरी हवी होती," स्काइद्रीते म्हणाली.
मी म्हटलं, जिना नको ना तुम्हाला?
"चढायला नाही रे. बसायला.
बापाच्या घराला होती. शेंगा सोलायचो तिच्यावर.
होडी दिसली की ही उठून पळायची,
सगळे दाणे वाळूत."
"तूच पळायचीस," वेल्गा म्हणाली.

मी पायरी काढली, पश्चिमेच्या भिंतीला टेकून,
कुठेच न जाणारी.
रुंदी विचारली.
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कंबरेपासून खाली,
आणि कितीतरी वेळ हसल्या.

नगरपालिकेतल्या माणसानं तिच्याभोवती लाल गोल केला.
समासात प्रश्न : प्रयोजन?
मी खाली लिहिलं : शेंगा सोलणे.

मंजुरी आली जुलैत.
जागेवर गेलो तर अजून चार खुंट्या आणि दोरी,
दोरीच्या आत गवत.
पश्चिमेला, अगदी मापावर,
माशांची पेटी पालथी घातलेली,
तिच्यावर त्या दोघी, मधे पातेलं.
"भिंतीला वेळ लागू दे," वेल्गा म्हणाली
आणि मूठभर शेंगा माझ्या टोपीत टाकल्या.